निधान, अक्का, निधान

"मावशी, तुझं येळ्ळूर आहेच की दर आठवड्याचं. हा डोंगर तर माझ्या गॅलरीतनं दिसतोय. अर्धा केबल कारनं चढायचा, उरलेला अर्धा चालायचा. झालं."

भाच्यानं फोनवर सांगितलेल्या या गोष्टींत एकही खोटी नव्हती. तरीही पहिल्या खेपेला मी त्याच डोंगरावर गवतात गुडघे टेकून उलट्या काढल्या आणि शिखर न बघता खाली आले. दुसऱ्या खेपेला पोचले. पाय दोन्ही वेळी तेच होते. मधल्या पाच दिवसांत काय झालं ते सांगण्यासारखं आहे.

भाचा क्विटोत नोकरीला आहे. इक्वेडोरची राजधानी. आपण क्विटो वाचतो, तिथली माणसं कीतो म्हणतात. शहर लांबट, चिंचोळं आणि त्याच्या पश्चिमेला पिचिंचा नावाचा ज्वालामुखी भिंतीसारखा उभा. त्याची दोन मोठी शिखरं, रुकू आणि वावा. तिथल्या किचवा भाषेत रुकू म्हणजे म्हातारा, वावा म्हणजे तान्हं बाळ. म्हातारा केव्हाच निवलाय, अधूनमधून रडतं ते बाळ. ऑक्टोबर १९९९ मध्ये वावातून राखेचा छत्रीसारखा लोट उठला होता आणि शहरभर राख पडली होती. १६६० साली तर फूटभर राख साचली होती म्हणे. आम्हाला जायचं होतं म्हाताऱ्यावर. उंची ४,६९६ मीटर, म्हणजे पंधरा हजार चारशे फूट.

माझं वय ५४. तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं बसून काढली आणि स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर चालायला लागले. बेळगावात टिळकवाडीत राहते, त्यामुळं रोज सकाळी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानात फेऱ्या. तिकीट काढल्यावर मात्र मनावर घेतलं. आठवड्यातून दोनदा येळ्ळूरचा राजहंसगड. गाडीरस्ता वरपर्यंत जातो, पण मी पायथ्याशी स्कूटर लावायची आणि पाठपिशवीत पाच किलो तांदूळ घालून चढायची. गडावरच्या सिद्धेश्वराला नमस्कार करायचा, पाणी प्यायचं, उतरायचं. एका रविवारी देवरवाडीचा वैजनाथ. बेळगावातून निघालं की थोड्या वेळात पाट्यांवरची कानडी जाते आणि चंदगड तालुका लागतो. दम मात्र दोन्ही राज्यांत सारखाच लागतो. वैजनाथाशेजारी आरोग्य भवानीचं देऊळ आहे. तिथं मी जरा जास्तच वेळ हात जोडले.

आमच्या घोळक्यात एक कानडी मैत्रीण आहे, शाळेतून निवृत्त झालेली. ती मला अक्का म्हणते, मी तिला अक्का म्हणते. कोण मोठी, हे दोघींनीही कधी काढलं नाही. गडाच्या शेवटच्या चढावर मी पुढं सुटले की ती मागून ओरडायची, "निधान, अक्का, निधान!" कानडीत निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेलं धन. बेळगावात वाढलेल्या माणसाला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. मी मात्र एकाकडंही लक्ष दिलं नाही. मला घड्याळाचं वेड लागलं होतं. जूनमध्ये पायथ्यापासून तटापर्यंत ३५ मिनिटं लागत होती. जुलैअखेर, धो धो पावसात, लाल चिखलातून, २४. सगळ्यांना सांगत सुटले होते. भाजीवालीला सुद्धा.

निघण्याआधी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बीपी बघितलं, ईसीजी काढला, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर डायमॉक्सच्या, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या, गोळ्या लिहून दिल्या, अर्धी सकाळी, अर्धी रात्री, चढायच्या आदल्या दिवसापासून. "बोटांना मुंग्या येतील, लघवीला सारखं जावं लागेल, घाबरू नका," म्हणाले. गोळ्या घेतल्या, पिशवीत ठेवल्या आणि तिथंच राहिल्या. २४ मिनिटांत येळ्ळूर चढणाऱ्या बाईला गोळी कशाला!

शुक्रवारी रात्री क्विटोत उतरले. शहराची उंचीच २,८५० मीटर. आपल्या दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर केरळातलं अनैमुडी, ते २,६९५ मीटर. म्हणजे मी पहिल्या रात्री अंथरूण घातलं तेच अनैमुडीच्या डोक्यावर. आणि बेळगाव? साडेसातशे मीटर. हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही, हीच सगळी गंमत.

भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभी राहिले. भाचा दोन बॅगा घेऊन वर पोचला होता. "काय गं मावशी?" "काही नाही, जिना बघायलेय." रात्री डोळा लागायचा आणि श्वास अडकल्यासारखं होऊन दचकून जाग यायची. शनिवारी सकाळी डोकं जड. प्रवासाचा शीण, अशी मी स्वतःची समजूत घातली. कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र भाच्याकडं होतं. ९० दाखवलं. त्या काळात ९० बघून आपण ॲम्ब्युलन्स बोलावली असती. तिथं भाचा म्हणाला, "नवीन माणसाचं एवढंच असतं इथं." रविवारी डोंगर ठरलेलाच होता. सोमवारपासून त्याचं ऑफिस.

रविवारी पहिल्या फेरीलाच केबल कारमध्ये बसलो. साधारण ३,१०० मीटरवरून वीसेक मिनिटांत ३,९४५ मीटरवर. खाली निलगिरीची झाडं, मग झुडपं, मग नुसतं गवत. मी पिशवीतून भडंगाची पुडी काढली आणि दचकले. बेळगावात भरताना ती चपटी करून कपड्यांच्या घड्यांत सरकवली होती. आता ती लहान मुलाच्या उशीसारखी टम्म फुगलेली. दोन्ही कडांच्या शिवणी ताणलेल्या, आतले शेंगदाणे प्लॅस्टिकला न टेकता मोकळे खुळखुळत होते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते, हे शाळेत शिकले होते. पुडीनं ते माझ्या मांडीवर करून दाखवलं. माझ्या डोक्यात काय चाललंय, तेही पुडी सांगत होती, पण मी फोटो काढला आणि पुडी भाच्याला दिली.

हवेतला प्राणवायू वर गेलं तरी तेवढाच असतो, २१ टक्के. दाबच कमी झाल्यामुळं एका श्वासात हाती कमी लागतो. रुकूच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ५७ टक्के. म्हणजे पगार तोच, पण हातात येताना जवळजवळ निम्मा कापलेला.

वर उतरल्यावर झोपाळा आहे, घोडे भाड्यानं मिळतात, चहा-कॉफी आहे. वाटेवर पूर्वी लूटमार झाल्याच्या तक्रारी आहेत म्हणून गर्दीच्या दिवशीच जायचं, असं भाच्यानं ठरवलं होतं आणि ते शहाणपणाचंच होतं. शिखर समोर दिसत होतं, काळं, दातेरी. वाट सुरुवातीला तर अगदी सोपी. पिवळ्या गवताच्या टेकड्या, एक चढ, एक उतार, परत चढ. ऑगस्टचा कोरडा वारा गवतावरून सळसळत येत होता. मला वाटलं, हे तर येळ्ळूरहून सोपं. मी सुटले. तरण्या पोरांना मागं टाकत होते. एका चढावर खाली येणारा एक वयस्क गृहस्थ थांबला, माझ्याकडं बघून हाताचा पंजा खाली-वर करत म्हणाला, "देस्पासियो, सेन्योरा, देस्पासियो." मी हसून "ग्रासियास" म्हटलं आणि पुढं गेले. भाच्यानं मागून अर्थ सांगितला, सावकाश. तेवढ्यात टिळकवाडीची अक्का आठवली, पण आठवून उपयोग काय, पाय थांबले नाहीत.

तासाभरानं कपाळाच्या आत कुणीतरी पाटा-वरवंटा मांडला. मग मळमळ. ४,३०० मीटरच्या आसपास असू. बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वर उठताच येईना. बाजूच्या गवतात गुडघे टेकले आणि सकाळचा चहा-पाव सगळा बाहेर. तोंड पुसून म्हटलं, "चल, आता बरं वाटतंय." भाचा शिखराकडं बघत होता, माझ्याकडं बघत होता. "मावशी, तास-दीडच राहिलाय बघ. हळूहळू जमंल?" त्याचाही जीव वर अडकला होता, त्याला दोष नाही. मी दोन पावलं टाकली. पावलं सरळ पडेनात. दारू प्यालेल्या माणसासारखी वाटेच्या कडेला गेले. ते बघून मात्र त्याचा चेहरा उतरला. डोकेदुखी आणि उलटी म्हणजे थांबायचं, तोल जायला लागला की वाद न घालता खाली उतरायचं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी त्याला सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं.

केबल कारनं खाली पोचेपर्यंत डोकं निम्मं उतरलं होतं. संध्याकाळी घरी तर मी वरण-भात जेवले. उंचीचा त्रास असा विचित्र असतो. औषधाच्या दुकानात मिळत नाही ते औषध म्हणजे हजार मीटर खाली. तिथले लोक या त्रासाला सोरोचे म्हणतात. नाव गोड, गुण वाईट.

त्या रात्री मला खरा त्रास झाला तो लाजेचा. व्हॅक्सीन डेपोतल्या सगळ्याजणी फोटोची वाट बघत असणार. मी फोन बंद करून टाकला.

सोमवारपासून भाचा ऑफिसला. मी एकटी. अर्धी-अर्धी गोळी सुरू केली. बोटांच्या टोकांना खरंच मुंग्या आल्या, आणि सोड्याची बाटली उघडली तर साधं पाणी लागलं, त्या गोळीचा तोही एक गुण. दोन दिवस काहीच केलं नाही. जुन्या शहरात बाकावर बसले, चर्च बघितली, परत आले. दुपारी लोक्रो खायची. बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि ॲव्होकॅडोची फोड. आमटी-भातावर वाढलेल्या जिवाला चालण्यासारखं. बुधवारी एकटीच केबल कारनं वर गेले, पण शिखर गाठायला नाही. वर जाऊन दोन तास बसायचं, दीडशे मीटर चढायचं, खाली येऊन झोपायचं. शरीराला उंची दाखवून आणायची, जशी नव्या सुनेला गावातली चार घरं दाखवतात.

त्या दोन तासांत पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं. गवतात एक काटेरी झुडूप होतं, नारिंगी फुलांचं. चुकिरागुआ. जवळ बसलं की कळतं, फूल म्हणजे खवले-खवले एकावर एक, टोकाला केशरी गोंडा, आणि पानं एवढी कडक की बोटाला टोचतात. त्यावर एक छोटा पक्षी भिरभिरत आला, डोकं जांभळं, पोट पांढरं. एवढ्या थंडीत हमिंगबर्ड! तो हवेत तरंगत बसला नाही, फुलाला पाय लावून चक्क टेकला आणि मग चोच घातली. तोही ताकद वाचवत असणार. मला तो शिक्षकच वाटला.

याच उतारावर २४ मे १८२२ ला सुक्रे नावाच्या स्वातंत्र्यसेनानीच्या सैन्यानं स्पॅनिश सैन्याला हरवलं आणि क्विटो मोकळं झालं. आदल्या रात्री अंधारात ते सैनिक डोंगर चढले होते, पाठीवर बंदुका घेऊन, साडेतीन हजार मीटरच्या आसपास लढाई. मी तर पाच किलो तांदळाची फुशारकी मारत होते.

शुक्रवारी सकाळी यंत्रानं ९४ दाखवलं. जिना न थांबता चढले. सलग दोन रात्री गाढ झोपले होते.

शनिवारी आम्ही दोन गोष्टी ठरवून निघालो. एक, पुढं मी चालणार आणि भाचा माझ्या मागं, म्हणजे वेग माझा. दोन, एक वाजला की जिथं असू तिथून परत, कारण दुपारनंतर तिथं ढग आणि विजा कधी येतील सांगता येत नाही आणि त्या उघड्या धारेवर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. घड्याळ मी भाच्याकडं दिलं. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढंच माप. वाक्य तुटलं की थांबायचं. भाचा मागून काहीबाही विचारत राहिला. गणपतीला कोण कोण येणार, मांडे कोण करणार, शहापुरातल्या घराचं काय ठरलं. मी उत्तरं देत चालले. गोगलगायीसारखी. सगळे आम्हाला ओलांडून गेले, एक सात-आठ वर्षांचा मुलगासुद्धा. गेल्या रविवारी जिथं गुडघे टेकले होते ती जागा ओळखू आली. तिथं मुद्दाम बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले.

गवत संपलं की कडा समोर येतो आणि वाट फुटते. एक थेट खडकावरून हातापायानं चढते, तिला मृत्यूची वाट असं नाव आहे. नावापुढं माझी हौस संपली. दुसरी उजवीकडून कड्याच्या पोटातून वळसा घालून रेताडावर जाते. ते रेताड म्हणजे या चढाईतला सगळ्यात वाईट भाग. ज्वालामुखीची वाळू आणि बारीक खडी, तीही तिरक्या उतारावर. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं. मळणीच्या खळ्यावर ज्वारीच्या राशीवर चढून बघितलं असेल तर कळेल. इथं पावलं मोजायला लागले. वीस पावलं, काठीवर भार, चार श्वास. मग पंधरा पावलं. मग दहा. शेवटी शेवटी सहा.

रेताडानंतर परत खडक, हात लावून चढायचे. हात लावला तेव्हा लक्षात आलं, हा दगड आपला नाही. आमचा बेळगावचा काळा दगडही ज्वालामुखीचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, त्या दख्खनच्या पठाराचं दक्षिण टोक आमच्याकडं येतं. पुढं गोकाककडं गेलं की खडकच बदलतो. पण आपला लाव्हा पातळ, भेगांतून वर येऊन लांबलांब पसरला, म्हणून आपले डोंगर वर सपाट आणि बाजूनं पायऱ्यांचे. इकडचा दाट, चिकट. जागच्या जागी साचतो, कोंडतो आणि फुटतो. म्हणून हे सुळके. दगड करडा, खरखरीत, आत पांढरे कण, सैंधव पेरल्यासारखे. या जातीच्या दगडाला अँडीज पर्वतावरूनच अँडेसाइट म्हणतात. भाचा खालून ओरडला, "मावशी, दगड नंतर बघ, हात पकड!"

साडेबाराला माथ्यावर पोचलो. पूर्वेला खाली सगळं क्विटो, एखाद्या नदीच्या पात्रात पांढऱ्या गोट्यांचा सडा पडावा तसं. पलीकडं ढगांच्या वर कोतोपाक्सीचं बर्फाचं टोक पाचेक मिनिटं दिसलं आणि झाकलं. वावा, म्हणजे ते बाळ, दुलई ओढून झोपलेलंच राहिलं. रडू वगैरे काही आलं नाही. भूक लागली होती. डब्यातून कडक भाकरी काढली, तीन आठवड्यांपूर्वी बेळगावात भाजलेली, आणि शेंगाची चटणी. तुकडा मोडला तर वाऱ्यातही कट्कन आवाज आला. पण तोंडात घातला आणि गिळताच येईना. जीभ कोरडी ठणठणीत, लाळ म्हणून नाही. भाकरीचा तुकडा गालात धरून, पाण्याचा घोट घेऊन, लहान बाळाला भरवतात तसा मऊ करून खाल्ला. चटणीतला लसूण नाकात चढला तेव्हा घर आठवलं. दोन हात अंतरावर एक पक्षी येऊन बसला, काळा-पांढरा, घारीएवढा, चोचीपाशी तांबडा चेहरा. कुरिकिंगे. त्याचा डोळा माझ्या डब्यावर होता. त्याला काही घालायचं नाही, असं वाटेवर बजावलं होतं. मी डबा झाकला. तो मान वाकडी करून बघत राहिला, आमच्या गल्लीतल्या कावळ्यासारखाच.

पाण्याची रिकामी बाटली होती, तिचं झाकण तिथंच घट्ट लावून पिशवीत टाकली.

उतरताना रेताड मजेचं. टाचा रोवायच्या आणि घसरत जायचं, वर यायला तास लागला ते दहा मिनिटांत. पण खाली टेकड्यांवरचे ते छोटे छोटे चढ, सकाळी लक्षातही न आलेले, आता एकेक येळ्ळूर झाले. गुडघ्यांचं काय झालं ते सांगत नाही. विषुववृत्त तिथून जेमतेम वीसेक किलोमीटरवर, ऊन थंड लागतं आणि भाजतं. टोपी होती, नाकाला मलम लावलं होतं, कानांना विसरले. चार दिवस कानांची सालं निघत होती.

घरी आल्यावर बॅगा रिकाम्या करायला आठवडा लावला. तिसऱ्या दिवशी सासूबाई ती बाटली हातात घेऊन आल्या. क्विटोतच तिच्या पोटाला खळगा पडला होता, बेळगावात येईपर्यंत तर ती पार आत गेली होती, कुणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखी.

"अगं, ही चेमटलेली बाटली कशाला आणलीस एवढ्या लांबनं?"

मी "उघडू नका" म्हणेपर्यंत त्यांनी झाकण फिरवलं. फस्स झालं, आणि बाटली त्यांच्या हातात कट्-कट् करत नीट उभी राहिली.

"चांगली आहे की," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्यात पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवली.